डीपीमागचा वारकरी

फळाची आशा धरू नये, हे गीतेत सांगून झालं आहे. रोजंदारीबद्दल मात्र भगवंतांनी मौन पाळलं आहे. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या भिंतीचा प्रश्न आम्हालाच सोडवावा लागला.

भिंत सोलापुरातली, पश्चिमेकडे तोंड केलेली, महिना मे आणि पारा ४२ अंशांवर. अशा वेळी शहाणा माणूस पन्हं पिऊन पडून राहतो. आमचा पेंटर पंढरीची वारी रंगवत होता. सकाळी सहाला येई आणि दुपारी ऊन भिंतीवर उतरलं की ब्रश धुऊन उठे. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच वाळतो, फराटे उठतात आणि पुढे पोपडे सुटतात, एवढं शास्त्र त्याने मला दोन पेले ताकाच्या मोबदल्यात शिकवलं. गेरू, रामरज हे मातीचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. भडक लाल-पिवळे मात्र आधी मान टाकतात. निळा चिवट. म्हणून तर जुन्या पोस्टरांवरचे पुढारी कालांतराने कृष्णासारखे निळे दिसू लागतात. पक्ष कुठलाही असो!

तंटा झाला तो चेहऱ्यांवरून. पेंटरने प्रत्येक वारकऱ्याला वेगळा चेहरा द्यायचं मनावर घेतलं होतं. कुणाचा दात पडलेला, कुणाचा बुक्का घामाने ओघळलेला.

"सगळे पाठमोरे काढा की," चेअरमन म्हणाले.

"मग सोसायटीला कंटाळून निघाल्यात असं वाटंल बघा, साहेब."

चेअरमन गप्प बसले. पण दोन दिवसांनी त्यांनी पेंटरला विजेच्या डीपीमागे हात घालून रंगवताना पकडलं. जिथे मांजरही डोकावत नाही, तिथे एक म्हातारा वारकरी तयार होत होता.

"हा कोण बघणार? आणि चार वर्षांत सगळं उडणारच ना?"

"तुमची दाढी उद्या वाढणारच की. तरी घोटून करताच न्हवं?"

उत्तर झकास; पण त्याला एक भोक आहे. दाढी चेअरमन स्वतःच्या ब्लेडने करतात. म्हातारा आमच्या वर्गणीवर उगवत होता. काम उक्तं असतं, तर पेंटरने आपला घाम कुठेही गाळावा. रोजावर एकेक सुरकुती सोसायटीच्या खात्यावर पडते. अजिंठ्याच्या अंधारातही बोटं न् बोटं मन लावून रंगवली आहेत, हे खरं. पण तिथल्या १६ व्या लेण्याचा दाता वाकाटकांचा मंत्री वराहदेव होता. मेंटेनन्स थकवणारे सभासद नव्हते.

तरी मी पेंटरच्या बाजूला गेलो, आणि त्याला कारण चेअरमनच. हा गृहस्थ दरवर्षी सोसायटीचा अहवाल रात्र-रात्र जागून लिहितो. एका रुपयाचा मेळ बसला नाही तर जेवत नाही. तो अहवाल आजवर कुणीही उघडलेला नाही. 'वाचला असे समजून' मंजूर होतो.

"अण्णा," मी विचारलं, "पान अकरावरची बेरीज चुकली असती, तर कळलं असतं कुणाला?"

"कुणाला म्हणजे? मला!" अण्णा कडाडले आणि मग बराच वेळ डीपीकडे बघत राहिले.

बिल मंजूर झालं. व्हाउचरवर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने वेगळी नोंद केली: 'डीपीमागील वारकरी, नग १.'