थर टाकण्याआधी

नवी मुंबईत बऱ्याच इमारतींची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असते. रोज उतरणाऱ्याच्या पायाला ती ठाऊक असते. नवा पाहुणा मात्र तिथे हमखास अडखळतो आणि यजमान वरून ओरडतात, "सांभाळून हं, तिथे जरा खोल आहे!" मिस्त्रीने माप चुकवलेले नसते. बांधली तेव्हा पायरी बरोबरच होती. ती उंच झालेली नाही, तिच्यासमोरचे अंगण खाली गेले आहे. इमारत उभी असते खोलवर, पक्क्या थरापर्यंत उतरवलेल्या पाइलवर. अंगणाचा कोबा, पेव्हर ब्लॉक, गाडी लावायची जागा हे सगळे नुसत्या भरावावर टेकलेले असते. एक जागेवर राहते, दुसरे बसत जाते. पुलावर चढताना गाडीला जिथे गचका बसतो, तिथेही हेच झालेले असते. पूल खांबांवर असतो आणि त्याच्याकडे येणारा रस्ता मातीवर. रो-हाउसच्या मागच्या बाजूला गेलात, तर भिंत आणि कोबा यांच्यामध्ये बोटभर फट दिसेल. तिच्यात गवत उगवलेले असेल, नाहीतर पिंपळाचे एखादे चिवट रोप.

यात इथल्या जमिनीचा दोष म्हणावा, तर तोही नाही. ही मूळची खाडीकाठची जागा. आगरी-कोळी गावे, भातखाचरे, मिठागरे आणि भरतीच्या पाण्यात उभी असलेली खारफुटी. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. सखल भागात भराव पडला. भरावाखाली राहिला खाडीचा काळा, मऊ गाळ, काही ठिकाणी दहा मीटर आणि त्याहूनही जाड. हा गाळ पाणी घट्ट धरून ठेवतो. वर ओझे आले की ते पाणी सोडतो खरा, पण अगदी सावकाश, वर्षानुवर्षे. जेवढे पाणी बाहेर जाते, तेवढी जमीन खाली बसते. कार्ल टर्झागी या अभियंत्याने हे १९२५ मध्ये गणितात मांडून दाखवले. ज्यांना घाई असते, ते अशा जागेवर आधी मातीचे ढीग रचतात, पाणी निघून जायला गाळात उभ्या पट्ट्या रोवतात, जमीन बसेपर्यंत थांबतात आणि मगच बांधतात. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, पण त्याआधी उलव्याची टेकडी कापणे, नदीचा प्रवाह वळवणे आणि दलदलीत काही मीटर उंच भराव घालणे यातच बरीच वर्षे गेली. धावपट्टीवर टेकणाऱ्या विमानातून यातले काहीच दिसत नाही. आपल्या अंगणासाठी मात्र एवढे कोण थांबते? घराचा ताबा मिळतो, मुहूर्त काढलेला असतो, पाव्हणे यायचे असतात. म्हणून जुने मिस्त्री एवढेच सांगतात, "भरावावरून एक पावसाळा जाऊ द्या, मग कोबा करू." बहुतेक जण त्यांचे ऐकत नाहीत.

मग काही वर्षांनी कोबा एका कोपऱ्यात खचतो. पाणी साचते, डास होतात, आजींचा पाय मुरगळतो. सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय एकच असतो. वरून सिमेंटचा एक थर टाकायचा आणि अंगण पुन्हा सपाट करायचे. काम एका दिवसात होते. दिसायलाही छान दिसते. पण काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. दहा फूट बाय दहा फूट जागेवर दोन इंचांचा थर घातला, तर एका टनाहून जास्त ओझे वाढते. जमीन ज्या जागी आधीच दमली आहे, तिथेच आपण ते नेऊन ठेवतो. तो कोपरा दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा खाली जातो, आता दोन थरांसकट. अनुभवी मिस्त्री आधी थापी हातात घेत नाही. तो हातोडीचा दांडा किंवा पहार घेतो आणि अंगणभर टक् टक् ठोकत जातो. भक्कम जागी आवाज खणखणीत येतो. खाली पोकळी असली की बद्द येतो. जिथे बद्द आवाज येतो, तिथे तो खडूने खूण करतो. गंमत म्हणजे कोब्यावरचा तडा आणि खालची पोकळी नेहमी एकाच जागी नसतात. तडा एकीकडे गेलेला असतो आणि पोकळी असते हातभर पलीकडे.

ही पोकळी बहुतेकदा पाण्यामुळे झालेली असते. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांची गच्ची धरा. तिच्यावर एका पावसाळ्यात एक लाख लिटरहून जास्त पाणी पडते. दहा हजार लिटरचे टँकर मोजले, तर अकरा भरतील. हे सगळे पाणी कोपऱ्यातल्या एक-दोन पाइपांतून खाली येते. पाइपाचे शेवटचे बाक तुटलेले असले, तर ते गटारात न जाता घराच्या बुडाशी सांडते. प्रत्येक सरीबरोबर चिमूटभर माती वाहून जाते. चिमूटभर माती कोणाच्या नजरेत येणार? कोबा वरून शाबूत दिसत राहतो आणि खाली हळूहळू रिकामे होत जाते. तेव्हा कोपरा खचलेला दिसला की पहिला संशय पावसाच्या पाइपाचा घ्यावा, दुसरा बाहेरच्या गळक्या नळाचा, तिसरा जमिनीखालच्या सांडपाण्याच्या जोडाचा. पाच-सहाशे रुपयांचे बाक न बदलता पन्नास हजारांचे अंगण दोनदा करून घेतलेली घरे मला माहीत आहेत. खाडीकाठच्या जुन्या माणसांना हे शिकवावे लागत नसे. खारजमिनीत भात पिकवायचे, तर समुद्राचे पाणी अडवणारा मातीचा बांध राखावा लागे. त्या बांधाला खेकडे बिळे पाडतात. बीळ बोटाएवढे असताना बुजवले तर काम चिखलाच्या एका गोळ्यावर भागते. उधाणापर्यंत तसेच राहिले, तर बांधाला खांड जाते आणि पिकात खारे पाणी शिरते. म्हणून बांधावरून चालताना माणसाची नजर खालीच असायची.

पाण्याची वाट बदलली की खरी दुरुस्ती सुरू होते, आणि ती बघायला मला आवडते. खचलेला भाग फोडून काढतात. खालची भुसभुशीत, ओली माती उपसतात. मग मुरूम येतो. तो सगळा एकदम ओतायचा नसतो. अर्धा फूट पसरायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने ठोकायचा आणि मग पुढचा अर्धा फूट. दोन फुटांचा खड्डा एकदम भरून वरून कितीही कुटला, तरी फक्त वरचा थर घट्ट होतो. खालचा होता तसाच सैल राहतो आणि पुढच्या जूनमध्ये बसतो. काम बघायला उभ्या असलेल्या मालकाला ही चाल फार संथ वाटते. "अहो, टाका ना सगळा एकदम!" असे तोंडावर येते. मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखे करतो. मुरमावर दगडांचे सोलिंग बसते, त्यावर काँक्रीट. लांब पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोघे बसतात आणि लेव्हल बघतात. घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार ठेवतात, म्हणजे पाणी भिंतीकडे फिरकत नाही. भिंत आणि कोबा यांच्यात मुद्दाम बोटभर सांधा सोडून तो डांबराने भरतात, कारण दोघांचे पाय वेगळ्या जमिनीवर आहेत आणि दोघांना आपापल्या परीने हलू द्यायचे असते. शेवटी गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारायचे. आता न फोडता दुरुस्ती करायचीही सोय आहे. कोब्याला बारीक भोके पाडून खाली सिमेंट-मातीचा पातळ काला किंवा फुगणारा फोम दाबाने भरतात आणि लादी उचलून जागेवर आणतात. मोठ्या गोदामांना आणि कारखान्यांना ती परवडते. पद्धत कुठलीही असो, काम खालूनच होते. पिसाचा झुकता मनोरा १९९० मध्ये लोकांसाठी बंद झाला आणि २००१ च्या अखेरीस पुन्हा उघडला. मधल्या काळात अभियंत्यांनी त्याच्या वर गेलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून घेतली. मनोरा आपल्याच वजनाने चाळीस सेंटिमीटरहून जास्त मागे आला.

माणसांच्या बाबतीतही आपला हात आधी थापीकडेच जातो. एरवी हसतमुख असलेली सून दोन दिवस तुटक बोलते. अभ्यासात बरा असलेला मुलगा अचानक वह्या अर्धवट ठेवू लागतो. ऑफिसमधला शांत सहकारी फाइल टेबलावर आपटतो. आपल्याला ते खुपते आणि आपण वरून एक थर टाकतो. "एवढं काय मनावर घ्यायचं!" किंवा "जरा लक्ष दे बाबा, दहावीचं वर्ष आहे." बोलणे प्रेमाचेच असते, त्यात शंका नाही. पण तेही वजनच असते. आधीच दमलेल्या जागेवर ते पडते. समोरचा माणूस "हो" म्हणतो, दोन दिवस नीट वागतो आणि पुन्हा त्याच ठिकाणी खचतो. मग आपण म्हणतो, "कितीदा सांगितलं, काही फरकच पडत नाही." फरक पडणार कसा? चिमूटभर माती कुठून निसटते आहे, हे आपण विचारलेच नाही. शिवाय तडा दिसतो एकीकडे आणि पोकळी असते दुसरीकडे. मुलाच्या वहीत जे दिसते, ते शाळेच्या बसमधल्या चिडवण्यामुळे असेल. फाइल आपटणाऱ्याच्या घरी कुणाच्या तरी तपासणीचा रिपोर्ट यायचा असेल.

अशा वेळी ठोकून बघायचे म्हणजे काही खोदून खोदून चौकशी करायची नाही. हलक्या हाताने एक साधा प्रश्न टाकायचा आणि आवाज ऐकायचा. "आज डबा खाल्लास का?" "रात्री उशीर झाला होता का?" "आईची तब्येत कशी आहे आता?" उत्तर खणखणीत आले, तर काळजी नाही. विषय बदलावा, चहा मागवावा. आवाज बद्द आला, तर तिथे मनात खडूची खूण करून ठेवावी. लगेच फोडाफोड करू नये. एका संध्याकाळी सगळे बोलून मोकळे करून टाकण्याचा उत्साह हा दोन फूट मुरूम एकदम ओतण्यासारखाच आहे. आज अर्धा फूट पुरे. उद्या पुन्हा पाच मिनिटे. कधी कधी तर सल्ल्याची गरजच नसते. फक्त पाइपाचे बाक बदलायचे असते. सकाळचे एखादे काम सुनेच्या हातून आपल्याकडे घ्यायचे, क्लासची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलायची, रात्री दहानंतर ऑफिसचा फोन उचलायचा नाही.

घराभोवती काही खचले की पहिला संशय पावसाच्या पाइपाचा घ्यायचा, तसा माणसांत पहिला संशय झोपेचा घ्यावा. मुंबईला जाणारी पहाटेची लोकल पकडणाऱ्यांच्या आणि रात्रपाळी करणाऱ्यांच्या या शहरात निम्मी चिडचिड तिथेच निघेल, असा माझा अंदाज आहे. आज कुणाचे काही बिनसलेले दिसले, तर काही सुचवण्याआधी "झोप झाली का नीट?" एवढेच विचारून बघा. तुमची स्वतःची चिडचिड होत असेल, तर आधी स्वतःला विचारा.