आयुष्याची दोरी

भाविकहो, ‘आयुष्याची दोरी देवाच्या हाती, तिथे डॉक्टर काय करणार?’ असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्याचा थोडा विचार करू.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. सत्तरीचे आजोबा तेव्हाही होते. सरासरी खाली ओढत होती ती देवी, घटसर्प, हगवण यांनी पाळण्यातूनच नेलेली लेकरे. मग साऱ्या देशाचे प्रारब्ध एकदम पालटले काय?

१९७१ साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना त्यांच्या नातलगांच्याच हातून पाजवले. जिथे शंभरातले वीस-तीस दगावत, तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आले.

प्रारब्ध म्हणजे वाट्याला आलेला भोग. क्रियमाण म्हणजे आज आपल्या हातून घडणारे कर्म. रोग येणे प्रारब्ध म्हणा, पण पाणी पाजणे क्रियमाणच. स्वतःचे औषध कोणी नाकारील. लेकराची लस चुकवून त्याच्या भोगाला प्रारब्ध म्हणणे मात्र देवावर आळ घेणे होय.

पटकी वारीच्या वाटेनेही पूर्वी पुष्कळ फिरली आहे. म्हणून माउली, दिंडीत पाणी शुद्ध ठेवा, वाळवंट घाण करू नका. दोरी त्याच्या हाती खरीच. ती कुरतडू न देणे ही आपली सेवा.

रामकृष्णहरी.