दुःखाचे उत्तरदायित्व

जगाचा निर्माता सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू असेल, तर निरपराधांच्या वाट्याला दुःख का येते, हा ईश्वरवादी तत्त्वज्ञानापुढील अत्यंत अवघड प्रश्न आहे. भारतीय परंपरेत ब्रह्मसूत्रांनी (२.१.३४) तो दोन आक्षेपांच्या रूपाने मांडला असून, कोणाला सुखी व कोणाला दुःखी करणे म्हणजे ‘वैषम्य’, अर्थात पक्षपात, आणि प्राण्यांना यातना देणे म्हणजे ‘नैर्घृण्य’, अर्थात निर्दयता, असे दोष ईश्वरावर येतात काय, याचा विचार तेथे केला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ईश्वर पावसासारखा सर्वांना समान असून, ज्याप्रमाणे भात आणि जव यांतील भेद बीजांमुळे पडतो, त्याप्रमाणे सुखदुःखातील भेद जीवांच्या कर्मांमुळे पडतो. आणि पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले, या शंकेला संसार अनादि आहे असे उत्तर दिले जाते.

या उपपत्तीत ईश्वर निर्दोष ठरतो, पण दुःख भोगणारा मात्र आपोआप अपराधी ठरतो. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या अभंगांत या सिद्धांताचे दोन्ही परिणाम दिसतात, कारण आपला जन्म पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ आहे अशी कबुली तेथे आढळते आणि विठ्ठलाकडे आपल्या अवहेलनेविषयी केलेली तक्रारही आढळते. त्यांचा पुत्र कर्ममेळा याच्या वाणीत तर ही तक्रार उघड रोषाचे रूप घेते.

नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा या वादाची भूमीच बदलली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वर चांगला असेल तर माणसे खुनी आणि चोर का होतात, हा प्रश्न उपस्थित केला आहेच; परंतु पूर्वकर्माचा सिद्धांत दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेच्या आणि समाजाच्या अंगावरून काढून टाकतो, हा त्यातील आक्षेप अधिक मूलगामी आहे. ईश्वराला नाकारूनही कर्मविपाक तसाच ठेवला, तर पीडिताची सुटका होत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

या भूमिकेवर असा आक्षेप घेता येईल की ती मनुष्यकृत अन्यायाला, म्हणजे नैतिक अनिष्टाला, लागू पडते, परंतु भूकंप किंवा रोग यांसारख्या नैसर्गिक अनिष्टापुढे ती निरुत्तर होते. गांधीजींनी १९३४ च्या बिहार भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले आणि अस्पृश्यतेला विरोध असूनही रवींद्रनाथ टागोरांनी त्या कारणमीमांसेला जाहीर हरकत घेतली, हे उदाहरण अशा आपत्तींत नैतिक हेतू शोधण्यातील धोका दाखवते, कारण त्या शिक्षेत अस्पृश्यही मेले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्याला कोणाचा दोष कारण नव्हता. परंतु दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छपरे यांखाली हजारो माणसे दडपली गेली, आणि घरे कशी बांधावीत हा माणसांच्या हातातील प्रश्न होता.

तरीही जन्मजात असाध्य व्याधीने मरणाऱ्या बालकाचे दुःख उरतेच, आणि ते का, याचे उत्तर निरीश्वरवादाजवळही नाही. फरक इतकाच की त्या दुःखामागे न्याय आहे असे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नसते. म्हणून ईश्वराच्या चांगुलपणाविषयीच्या कोणत्याही उपपत्तीची कसोटी तिच्या तार्किक सुसंगतीपुरती मर्यादित ठेवता येत नाही: जी उपपत्ती दुःखिताला दोषी ठरवून इतरांना कर्तव्यातून मोकळे करते, ती तर्कशुद्ध असली तरी नैतिकदृष्ट्या त्याज्य आहे.