शाळा बदलताना कोणाचे हित?



उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. पहिली-दुसरीतल्या मुलाला आहे त्याच शाळेत ठेवावे की दुसऱ्या शाळेत घालावे? बोलणे होते ते फी, बस आणि डोनेशनबद्दल. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हा बदल आपण कोणासाठी करत आहोत?

मत्तयच्या शुभवर्तमानात संत योसेफाने बाळ येशूला दोनदा हलवले आहे. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा तो रातोरात मिसर देशाला निघाला. परतताना यहुदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे कळताच त्याने नाझरेथची वाट धरली. नाझरेथला काही नाव नव्हते. पुढे नथानिएलानेही त्या गावाबद्दल नाक मुरडले. योसेफाने गावाचा मोठेपणा पाहिला नाही. बाळ कुठे सुखरूप वाढेल, एवढेच पाहिले.

आपलीही कसोटी हीच असावी. मुलाला मार बसतो, वर्गात चिडवतात, सांगूनही कुणी लक्ष देत नाही, अशा वेळी शाळा बदलणे हे कर्तव्य ठरते. ‘आम्ही सगळे तिथेच शिकलो’ ही निष्ठा तिथे आड येऊ नये. मात्र शेजारच्या मुलाचा टाय पाहून आपण दाखला काढत असू, तर आपल्या प्रतिष्ठेचे ओझे ते मूल वाहणार.

माध्यम बदलताना अधिक विचार हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर दिला. मराठीतून अचानक इंग्रजीत गेलेल्या मुलाला गणित आणि भाषा एकाच वेळी शिकावी लागते. घरी बडबड करणारे मूल वर्गात गप्प होते. घरात रोज वेळ देणारे कुणी असेल तर ते सावरते. नसेल तर?

काहीजण म्हणतात, ‘सगळेच गेले तर आपली मराठी शाळा बंद पडेल.’ ही काळजी खरी आहे. पण शाळा वाचवण्याचा भार सहा वर्षांच्या मुलावर टाकणेही न्याय्य नाही. तो भार मोठ्यांचा. आपले मूल दुसरीकडे गेले तरी पालकसभेत, ग्रंथालयात, दुरुस्तीच्या कामात आपण त्या शाळेसाठी उभे राहू शकतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले. निर्णय त्यांचाच. पण मूल ही त्यांची मालमत्ता नाही, देवाने सोपवलेली ठेव आहे. एवढेसे मूल शाळा निवडू शकत नाही. मात्र डबा कोणाबरोबर खातो, सकाळी पोट का दुखते, हे ते सांगू शकते. म्हणून दाखल्याचा अर्ज लिहिण्याआधी एकदा टीचरना भेटा आणि एक संध्याकाळ टीव्ही बंद करून मुलाचे ऐका.

आणि जूनमध्ये वर्गात कुणी नवे मूल आले, तर आपल्या मुलांना सांगा, त्याला बाकावर जागा द्या.

संत योसेफ आपल्या घरांना योग्य निर्णयाची बुद्धी मिळवून देवो.