हजार पाने आणि आपली नियत

टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ किंवा दोस्तोव्हस्कीची ‘कारमाझोव्ह बंधू’ वाचायला घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता फुरसतीचा वाटतो. वेळ असेल त्याने वाचावी, नसेल त्याने सोडून द्यावी, असे त्याचे सोपे उत्तर देता येईल. पण आयुष्य ही आपण अमानत मानतो. उम्र कशात घालवली, याचा हिशेब द्यावा लागणार आहे, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. ज्याच्या हाती दिवसाकाठी अर्धा तास मोकळा उरतो, त्याने तो परक्या देशातल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या, काल्पनिक माणसांवर का खर्च करावा? हा प्रश्न नैतिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही गंभीरपणे शोधले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. असे वाचन फर्ज नाही, वाजिब नाही. फिकहच्या भाषेत ते मुबाह आहे. केले तर हरकत नाही, न केले तर गुन्हा नाही. भंडारा जिल्ह्यात विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. तिला कोणी रशियन कादंबरी वाचली नाही म्हणून मागासलेली ठरवील, तर तो वाचूनही अडाणीच राहिला असे म्हणावे लागेल. मुबाह गोष्टीची किंमत नियतीवर ठरते. चारचौघांत सांगता यावे म्हणून वाचणे ही रिया झाली. तेवढ्यासाठी हजार पाने उलटण्यापेक्षा शेजाऱ्याच्या मुलाला गणित शिकवलेले बरे.

गंमत अशी की खुद्द टॉलस्टॉयच या पक्षाचा वकील आहे. ‘युद्ध आणि शांती’ 1869 साली पूर्ण झाली. पुढे त्याची धर्मचिंतनाकडे ओढ वाढली आणि 1898 सालच्या ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात त्याने आपल्या जवळजवळ सगळ्या ललित लेखनाला वाईट कलेत ढकलले. दोनच छोट्या कथा त्यातून वगळल्या. त्यांपैकी एक ‘कॉकेशसचा कैदी’. तिच्यात कैदेतल्या रशियन अधिकाऱ्याला चोरून खायला देणारी आणि पळून जायला मदत करणारी मुलगी मुसलमान आहे. हाच ग्रंथ साने गुरुजींनी मराठीत आणला. मग लेखकानेच ज्या कादंबरीला नाकारले ती आपण का वाचावी? पण याच काळात तो ‘हाजी मुराद’ लिहीत होता, हेही विसरून चालणार नाही. 1896 पासून अनेक वर्षे तो ती लिहीत, खोडीत राहिला. ती 1912 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. इमाम शामिलशी फाटल्यामुळे रशियनांकडे गेलेल्या आणि 1852 साली मारल्या गेलेल्या एका अवार सरदाराची ही कथा. रशियन सैन्य डोंगरातले एक गाव जाळते, झरा घाण करते, मशीद विटाळते, आणि हे सारे एक रशियन लेखक त्या गावकऱ्यांच्या डोळ्यांनी पाहतो. कादंबरी निरुपयोगी आहे, असे त्याच्या बुद्धीने ठरवले होते. हाताने मात्र ते मानले नाही.

आता लांबीची भीती. ‘युद्ध आणि शांती’त 361 प्रकरणे आहेत आणि पात्रे पाचशेहून अधिक. नावांनीच वाचक घाबरतो. वास्तविक मराठी वाचकाने तरी घाबरू नये. रशियन माणसाचे पूर्ण नाव म्हणजे आपल्या शाळेच्या दाखल्यावरचे नाव: स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. नताल्याची नताशा होते, तशी आपल्या घरातली मुमताज मुन्नी होते. एवढे ध्यानात ठेवले की निम्मी अडचण संपते.

आणि लांब गोष्टीची सवय आपल्याला नाही, असे कोण म्हणेल? उर्दूतली ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 46 जाडजूड खंडांत छापली. आपला झाडीपट्टीचा मुलूख तर रात्र रात्र जागणारा. धान निघाले, मंडई भरली की दंडार आणि नाटके पहाटेपर्यंत चालतात. उरुसातली कव्वालीही घड्याळ पाहून ऐकली जात नाही. कुरआनाची आणि कादंबरीची तुलना कोणी करू नये. पण मोठा ग्रंथ रोज थोडा थोडा वाचून पुरा करण्याची रीत पारे आणि मंजिल यांनी आपल्याला केव्हाच लावून दिली आहे. रोज एक प्रकरण वाचले तरी 361 प्रकरणे वर्षात संपतात.

लांबीचा खरा उपयोग वेगळाच आहे. छोट्या गोष्टीत माणूस एका कृत्याने ओळखला जातो. हजार पानांत तसे करता येत नाही. पियेर सुरुवातीला दारूबाज, गबाळा वारसदार दिसतो. शंभराव्या पानावर त्याच्याविषयी दिलेला निकाल पाचशेव्या पानावर फिरवावा लागतो आणि आठशेव्या पानावर पुन्हा. माणसाविषयी निकाल थांबवून धरायची ही तालीम आहे. ही तालीम आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवी. आपले दुखणे हेच आहे की नाव ऐकताच समोरचा आपला हिशेब पुरा करतो. भाड्याची खोली, नोकरी, बाजूची खुर्ची, सारे त्या एका नावावर ठरते. आम्हाला पूर्ण वाचा, अशी आपली मागणी आहे. मग ज्याने हे मागायचे त्याने दुसऱ्याला पूर्ण वाचायला नको का?

ही परीक्षा दोस्तोव्हस्की घेतो. 1879-80 च्या ‘कारमाझोव्ह बंधू’मध्ये इव्हान तुर्कांच्या क्रौर्याच्या अशा गोष्टी सांगतो की मुस्लिम वाचकाचे मन दुखावते. रशिया-तुर्कस्तान युद्ध नुकतेच संपले होते आणि कॉन्स्टँटिनोपल रशियाचे व्हावे, असे लेखकाचे उघड मत होते. तेथे पुस्तक मिटून ‘हा आपला दुश्मन’ म्हणता येईल. पण हाच माणूस सैबेरियातल्या तुरुंगातून सुटल्यावर 1854 साली भावाला पत्र लिहून कुरआन मागवतो. 1860 नंतर प्रसिद्ध झालेल्या ‘मृतांच्या घरातील आठवणी’मध्ये त्याने दागेस्तानचा अली हा तरुण कैदी रंगवला आहे. इतक्या निर्मळ मनाची माणसे त्याच्या लेखनात थोडीच. बायबल वाचता वाचता अली रशियन शिकतो. त्याचे भाऊ ईसांनी मातीच्या पाखरात फुंकर घालून त्याला उडवल्याची कहाणी सांगतात. त्या कहाणीचे मूळ कुठले, हे रशियन वाचकाला टिपेतून समजावे लागेल. आपल्याला ती घरातलीच आहे.

मग खरा दोस्तोव्हस्की कोणता? दोन्ही खरे. अली लिहिला म्हणून तुर्कांविषयीचा पूर्वग्रह माफ होत नाही. तो पूर्वग्रह आहे म्हणून अली खोटाही ठरत नाही. एका उताऱ्यावरून निकाल देणारा वाचक यांपैकी एकालाच पाहतो. इन्साफ म्हणजे दोन्ही पारडी भरल्यावर तराजू पाहणे. कादंबरी संपवल्यानंतरही लेखकाशी आपले भांडण राहू शकते. पण ते पूर्ण ऐकून घेतलेले भांडण असते.

वेळेची अडचण मात्र खरीच आहे आणि तिच्यावर नुसता उपदेश चालत नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोची पुस्तके नाममात्र किमतीत आपल्याकडे येत. 1991 नंतर तो ओघ आटला. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांनी एक वाट काढली होती. एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे विड्या वळीत. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या इतर वळून देत, म्हणजे त्याची मजुरी बुडत नसे. तुमसर, पवनी, साकोलीच्या एखाद्या मोहल्ल्यात आठवड्यातून एक संध्याकाळ चार जण असे बसले तर कोणाच्या घरची चूल अडणार नाही. सुरुवात ‘हाजी मुराद’पासून करावी, ती दीडशे पानांच्या आसपास आहे. मन रमले तर मोठी कादंबरी घ्यावी. न रमले तर बेधडक सोडावी, त्यात गुन्हा नाही. फक्त सोडलेल्या पुस्तकावर आणि अर्ध्या ओळखलेल्या माणसावर निकाल देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.