म्हातारपणीचा डाव

वाचकहो, वृद्ध मनुष्याने खेळावे काय, असे कोणी विचारिल्यास आपल्या खेड्यांतील पुष्कळ मंडळी हसतील. खेळ लेकरांचा, काम तरुणांचे, आणि म्हाताऱ्याने ओसरीवर स्वस्थ बसावे, अशी आपली समजूत आहे. कित्येक भाविकांस तर कवड्या म्हटले की जुगारच आठवतो. परंतु पैजेवाचून मांडलेला डाव हा जुगार नव्हे. एवढे मान्य केले म्हणजे खरा प्रश्न उरतो, तो असा की, आपण वृद्धांबरोबर खेळतो ते त्यांस काय समजून?

विद्वानांनी या विषयाचा शोध केला आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तर वर्षांवरील ४६९ स्त्रीपुरुषांची स्थिती अनेक वर्षे पाहून २००३ साली असे प्रसिद्ध झाले की, जे वाचीत, पटावरचे खेळ खेळत, वाद्य वाजवीत किंवा नाचत, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. तथापि तेवढ्यावरून खेळास औषध म्हणता येत नाही. ज्याची बुद्धी मंदावू लागली आहे तो आपण होऊनच खेळ सोडीत असेल, हेही संभवते. अमेरिकेत लुमॉसिटी नावाचे बुद्धिखेळ विकणाऱ्यांवर, पुराव्यावाचून विस्मरणाचे भय दाखवून धंदा केल्याचा आरोप सरकारी आयोगाने ठेविला, व २०१६ साली तडजोडीत त्यांनी २० लक्ष डॉलर भरण्याचे कबूल केले.

मग लाभ कोणता? आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. एका आजीबाईंस सकाळी भाकर खाल्ली की नाही हे दुपारी आठवत नसे. परंतु कवड्या हाती आल्या की दान मोजण्यात त्या चुकत नसत. कारण लहानपणी अंगवळणी पडलेले कसब नव्या आठवणींहून पुष्कळदा अधिक टिकते. नातू रोज एक डाव खेळे, आणि तेवढा वेळ त्यांची चिडचीड थांबे. एके दिवशी आजीस बरे वाटावे म्हणून त्याने मारण्याजोगी सोंगटी मुद्दाम सोडिली. आजींनी ते तत्काळ ओळखिले. "मला काय तान्हं पोर समजलास व्हय रं?" असे म्हणून त्यांनी पट गुंडाळिला. दुसऱ्या दिवशी त्या ते विसरल्या. नातू विसरला नाही.

कोणी म्हणेल, प्रेमापोटी केलेल्या लबाडीत दोष कसला? आम्हांस वाटते, दोष आहे. आजी त्या पटावर करमणूक मागत नव्हत्या. आपण अजून कोणाच्या तोडीस तोड आहो, एवढेच त्यांस हवे होते. नातवाने नेमके तेच काढून घेतले. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा पाळणे म्हणजे केवळ भाकर व पांघरूण देणे नव्हे.

तर मग दुर्बळास रोज हरवावे काय? तसेही नव्हे. सोंगट्या कमी कराव्या, चाल विसरल्यास उघडपणे सांगावी, किंवा चौघे बसून त्यांस आपला भिडू करावे. पुढे मोजणे सुटले तर कवड्या त्यांनी टाकाव्या, दान आपण मोजावे. सवलत द्यावी, पण ती लपवून देऊ नये.

आपल्या ओसरीवर कोणी एकटे बसत असेल, तर आज दिवेलागणीनंतर त्यांच्यापुढे पट मांडावा, आणि मन लावून खेळावे.