वेढ्यातलं खरेदीखत

आजचं वाचन : यिर्मया ३२:१-२५



आजचा अध्याय तारखेने सुरू होतो. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, नबुखद्नेस्सरचं अठरावं. अशा ओळी आपण सहसा स्क्रोल करून पुढे जातो. आज जरा थांबू या, कारण सगळी गोम त्या तारखेतच आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय आणि पुढच्याच वर्षी तटाला खिंडार पडणार आहे. यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे. का? तर शहर शत्रूच्या हाती जाणार, असं त्याने राजाला तोंडावर सांगितलं म्हणून. आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे.

अनाथोथ यरुशलेमच्या उत्तरेला, तासाभराच्या चालीवर. म्हणजे ते शेत तेव्हा बाबेलच्या ताब्यातल्या मुलखात होतं. हनामेल भला माणूस असेलही, पण मला तो आपल्या त्या नातेवाइकासारखा वाटतो, जो रखडलेल्या स्कीममधला फ्लॅट आपल्याच गळ्यात मारायला बघतो. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं, हेही खरं. लेवीय २५ प्रमाणे भाऊबंद अडचणीत येऊन जमीन विकायला निघाला, तर ती सोडवण्याचा हक्क जवळच्या नातलगाचा. पण हक्क होता, जबरदस्ती नव्हती. "सध्या जमणार नाही रे, मी स्वतःच आत आहे" असं यिर्मया म्हणाला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं.

तो शेत घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो.

मी हा भाग याआधी कितीतरी वेळा वाचला असेन, पण या वेळी माझं लक्ष पैशांकडे न जाता कागदपत्रांकडे गेलं. यिर्मया खरेदीखत लिहितो, सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार घेतो, चौकात बसलेल्या यहुद्यांच्या डोळ्यांदेखत चांदी तोलतो. खताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही तो बारूखाच्या हाती देतो आणि मातीच्या मडक्यात घालायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. एक ओरिजिनल, एक वाचायला, आणि स्टोरेज असं की शहर जळलं तरी डेटा राहावा. आमच्या टीममध्ये बॅकअपची एवढी शिस्त असती तर माझे दोन-तीन रविवार वाचले असते!

आपल्याकडे 'विश्वासाने पाऊल टाक' म्हटलं की लगेच डोळे मिटून उडी मारायची, असा अर्थ घेतला जातो. हिशेब करणारा, कागद वाचणारा, साक्षीदार मागणारा माणूस विश्वासात कमी. पण डोळे मिटून उडी मारायला प्रभू येशूला कुणी सांगितलं होतं ते आठवा. मंदिराच्या शिरोभागावरून खाली उडी टाक, देवदूत झेलतील, हा सल्ला सैतानाचा होता, आणि त्यासाठी त्याने वचनसुद्धा वापरलं होतं (मत्तय ४). प्रभूने ती उडी नाकारली. त्याच प्रभूने पुढे यरुशलेमकडे जायची वाट धरली, तिथे काय होणार हे माहीत असूनही. दोन्हीत जिवाला धोका होता. पहिली उडी बाप खरंच झेलतो का हे तपासायला होती. दुसऱ्या वाटेवर बापाने दिलेलं काम होतं.

यिर्मयानेही आधी तपासून घेतलं, हे नीट बघा. हनामेल येणार हे देवाने त्याला आधी कळवलं होतं. पण तो खरोखर येऊन उभा राहिल्यावरच यिर्मया म्हणतो की हे परमेश्वराचं वचन होतं हे आता मला कळलं (वचन ८). संदेष्टा असूनही पहिल्याच आवाजावर त्याने चांदी काढली नाही.

अजून एक माणूस इथे आठवायला हवा, अध्याय २८ मधला हनन्या. तोही संदेष्टा म्हणवायचा. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडणार, असं त्याने मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकलं. आज असता तर त्याच्या रील्स काय चालल्या असत्या! त्याच्या आशेला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. यिर्मया मात्र लोकांना सत्तर वर्षं सांगत होता. म्हणजे स्वतःच्या हिशेबानेच त्या शेताचं पीक तो कधीच खाणार नव्हता. पुढे त्याला मिसर देशात नेलं गेलं. अनाथोथच्या त्या बांधावर तो नंतर कधी उभा राहिल्याचं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

इथे मला केडगाव आठवतं. पुणे-सोलापूर लाइनवर जाताना आपल्यापैकी अनेकांनी ते स्टेशन पाहिलंय. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनला अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीचं वचन होतं आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर काय, या विचाराने त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. बाग वाढेल, उत्पन्न येईल, असा सरळ व्यवहारी हिशेब. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग, मुलींना शहरात ठेवणं कठीण. तेव्हा ती जमीन होती. हिशेब केला होता फळांचा, आणि त्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. हा हिशेब आधी झाला नसता तर त्या मुली उतरल्या कुठे असत्या, हा प्रश्न मला सोडत नाही.

आता थोडं माझं. (बायकोला विचारूनच लिहितोय.) आमच्या चर्चच्या तरुण संघाला मागच्या वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू करायची होती. खोली मिळाली, पण घरमालकाला अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार हवा होता, चाळीस हजार डिपॉझिट, आणि सही एका माणसाची. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, "आपण यासाठी प्रार्थना करू या." मीही म्हणालो. तीन महिने आम्ही प्रार्थना करत होतो आणि खरं सांगायचं तर ती प्रार्थना नव्हती, 'नाही' म्हणायची आमची सभ्य पद्धत होती. कारण त्याच तीन महिन्यांत आमच्या ऑफिसात दोनदा लोक कमी केले गेले. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मॉनिटरही आता नाही. होम लोन चालू, मुलगी सीनियर केजीत.

हा अध्याय वाचल्यावर आम्ही दोघं एका रात्री एक्सेल शीट उघडून बसलो. नोकरी गेली तर किती महिने निघतील? साधारण पाच. डिपॉझिट बुडालं तर? साडेचार. आणि मग लक्षात आलं, तीन महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं, पंधरा दिवसांचं अंतर. अख्खा डोंगर मी एकट्याने कल्पनेत रचला होता. अर्थात आकडा वेगळा आला असता, म्हणजे घरचं दूध बंद करून अभ्यासिका चालवावी लागली असती, तर मी सही केली नसती आणि त्याबद्दल मला अपराधीही वाटलं नसतं. आमच्या पाळकसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, भाडं तिघांत वाटून घ्या, एकट्याने हिरो बनू नकोस. ते ऐकलं. मागच्या महिन्यात अंगठ्याचे ठसे दिले, दोन साक्षीदार, फोटो, सगळं.

सही केल्यावर शांती मिळाली असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या रात्री झोप लागली नाही. आणि म्हणूनच वचन १६ पासूनची यिर्मयाची प्रार्थना मला फार जवळची वाटते. ती व्यवहार झाल्यानंतरची आहे! खत बारूखाच्या हाती दिल्यावर तो देवाकडे जातो. तुला अशक्य असं काही नाही, इथून सुरुवात करतो, निर्गमाची सगळी आठवण काढतो, आणि शेवटी मनातलं बाहेर येतंच. मोर्चे तटापर्यंत आलेत, शहर चालल्यात जमा आहे, आणि तू मला सांगतोस पैसे देऊन शेत घे? आज्ञा पाळून झाली आहे आणि माणूस अजून गोंधळलेला आहे. देव त्याला रागावत नाही. त्याचेच शब्द प्रश्न करून त्याला परत देतो, मला काही अशक्य आहे काय? (वचन २७)

अभ्यासिकेत पहिल्या आठवड्यात तीन मुलं आली. काल दोन. त्यातला एक गणिताच्या वहीत क्रिकेटचा स्कोअर लिहीत होता. ऑफिसात शुक्रवारी पुन्हा सगळ्यांची मीटिंग लावली आहे, विषय लिहिलेला नाही. कराराची एक प्रत कपाटात आहे, एक ड्राइव्हवर.

प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, आमच्यापैकी कुणापुढे आज एखादा कागद सहीसाठी पडला असेल, तर तो नीट वाचायला आम्हाला बुद्धी दे. तुझं काम आहे हे कळल्यावर 'प्रार्थना करतोय' असं म्हणून आम्ही तुझ्याचपासून पळत असू, तर आम्हाला क्षमा कर. ज्यांच्या घरात आज खरोखरच पैसे नाहीत, त्यांच्यावर कुणी विश्वासाच्या नावाने ओझं लादू नये. शुक्रवारची मीटिंग तुझ्या हाती आहे. आणि त्या दोन मुलांना उद्याही यायला लाव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.